बिनसाखरेची बिस्किटे, गुळाचा चहा आणि अकराची थरथर

प्रश्न : लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या ५३ वर्षांच्या भगिनींचे हे पत्र आहे. त्यांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची एकत्रित गोळी आणि रात्री मेटफॉर्मिनची वेगळी गोळी असे त्यांचे औषध आहे. मागच्या तपासणीत एचबीएवनसी ८.६ आले. सकाळी सातला एक चपाती आणि चहा घेऊन त्या कामाला लागतात आणि दुपारचे जेवण थेट अडीचला होते. अकरा-साडेअकराच्या सुमारास आठवड्यातून दोन-तीनदा हातपाय थरथरतात, घाम येतो, म्हणून त्या बिनसाखरेची चार बिस्किटे खातात. संध्याकाळी पाचला घरी आल्यावर भूक आवरत नाही, तेव्हा वाटी-दोन वाट्या चिवडा होतो आणि नंतर अपराधी वाटत राहते. साखर त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोडली असून आता दिवसातून पाच वेळा गुळाचा चहा घेतात. पुण्यातील मुलगी दर महिन्याला मधुमेहींसाठीची बिस्किटे, ओट्सच्या वड्या आणि भाजलेला मखाना पाठवते, आणि आईने चिवडा किंवा सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) खाल्ल्याचे कळले की फोनवर रागावते. नणंद सांगते, शुगरवाल्याने दर दोन तासांनी खाल्लेच पाहिजे. शेजारीण सांगते, दोन जेवणांच्या मध्ये काहीच खाऊ नये. "मी नेमके काय खाऊ? शेंगदाणे-फुटाणे चालतात का? आणि मुलीचे मन न दुखावता तिला काय सांगू?" असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर :

ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नांत थरथरीचा प्रश्न नाही. ती गोष्ट तुम्ही बिस्किटांचे कारण म्हणून जाता जाता लिहिली आहे. मला मात्र आधी तिच्याविषयीच बोलायला हवे. ग्लिमेपिराइड हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि तुम्ही पुरेसे खाल्ले आहे की नाही याची वाट ते पाहत नाही. सातला एक चपाती, त्यानंतर साडेसात तासांनी जेवण, आणि मध्ये धावपळीचे काम असे वेळापत्रक असताना रक्तातील साखर अकराच्या सुमारास खाली उतरणे अगदी शक्य आहे. एचबीएवनसी ८.६ आहे, म्हणजे साखर सतत वरच असणार, असे बहुतेकांना वाटते. परंतु तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देतो. दिवसातल्या एखाद्या घटकेला साखर खाली गेली असेल, तर ते त्या सरासरीत दिसत नाही.

म्हणून पुढच्या वेळी थरथर सुरू झाली, की ग्लुकोमीटरवर बोट टोचून आकडा पाहा आणि वेळेसह लिहून ठेवा. आकडा ७० पेक्षा कमी असेल तर ती साखर कमी होण्याची खरी घटना आहे, आणि त्या क्षणी बिस्किट हा चुकीचा उपाय आहे, कारण त्यातील तुपा-तेलामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो. अशा वेळी तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात विरघळवून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, आकडा ७० च्या वर आला नसेल तर तेच पुन्हा करावे, आणि तो वर आल्यानंतर पोटभरीचे काहीतरी खावे. यंत्र हाताशी नसेल तर आधी ग्लुकोज घ्यावे, आकडा नंतर पाहावा. ज्या वाचकांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हा घटक आहे, त्यांनी अशा वेळी साखर न घेता ग्लुकोजच घ्यावे, कारण ती औषधे साखरेचे पचन लांबवतात. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये, तत्काळ दवाखाना गाठावा. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

असेही होऊ शकते, की थरथरीच्या वेळी आकडा ११० किंवा १२० येईल. शरीराला दीर्घकाळ चढ्या साखरेची सवय लागलेली असेल, तर ती सर्वसाधारण पातळीवर येतानाही शरीर तशीच लक्षणे दाखवते. दोन्ही प्रसंगी उपाय वेगळा आहे आणि तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा आहे. पण तुमच्या हातात तीन-चार आकडे असतील तरच त्यांना तो ठरवता येईल. याच आठवड्यात त्यांना भेटा. तोपर्यंत गोळी स्वतःहून बंद करू नका, गोळी घेऊन न्याहारी टाळू नका, आणि ग्लुकोजची पुडी पर्समध्ये ठेवा.

आता नणंद आणि शेजारीण. दोघींचे म्हणणे कोणासाठी तरी खरे आहे, मात्र दोघीही ते सगळ्यांसाठी सांगत आहेत. ज्यांना केवळ मेटफॉर्मिन चालू आहे, त्यांची साखर धोकादायक रीतीने खाली जाण्याची शक्यता फार कमी असते. त्यांनी भूक नसताना दर दोन तासांनी खाण्याचे काही कारण नाही, उलट तसे केल्याने दिवसभराचे खाणे वाढते. ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे आणि दोन जेवणांत सहा-सात तासांचे अंतर पडते, त्यांना मात्र मध्ये थोडे खावे लागते. तुम्ही दुसऱ्या गटात आहात. तेव्हा अकराचे खाणे हा तुमच्या जिभेचा दोष नसून तुमच्या औषधाची आणि वेळापत्रकाची गरज आहे, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

पाच वाजताच्या चिवड्याचे मूळ सकाळच्या एका चपातीत आहे, असे मला वाटते. तुमच्या पहिल्या खाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीत. चपाती आणि गोड चहा यांची साखर चढते आणि उतरते, मग बिस्किटे, मग उशिरा जेवण, आणि दिवसाची सारी उणीव संध्याकाळी भरून निघते. सकाळी एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ, किंवा भाकरीसोबत घट्ट पिठले, किंवा मुगाच्या डाळीचे दोन धिरडे आणि दही असे काही खाल्ले, तर अकरापर्यंत पोट सांभाळले जाईल. सकाळी सातला उसळ कोण करणार, हा प्रश्न मला कळतो. रात्रीच्या जेवणात केलेल्या उसळीतली वाटीभर काढून ठेवणे हा त्यावरचा सर्वांत सोपा मार्ग आहे. नोकरी करणाऱ्या बाईला सकाळी स्वतःसाठी वेगळे शिजवायला सांगणारा सल्ला चार दिवसही टिकत नाही.

यानंतर चहा. साखर सोडून गूळ घेतल्याने मधुमेहाला फरक पडतो, ही समजूत आपल्या भागात इतकी पक्की झाली आहे, की गुळाच्या चहाच्या पाट्या जागोजागी दिसतात. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण तो मुख्यत्वे साखरच आहे आणि रक्तात साखरेसारखाच उतरतो. एका कपात दीड चमचा गूळ धरला, तरी पाच कपांत दिवसाला साडेसात चमचे होतात. चिवड्याबद्दल तुम्ही मनाला एवढे लावून घेतले आहे आणि या साडेसात चमच्यांचा विचार झालेलाच नाही! चहा सोडू नका. पाचाचे तीन कप करा आणि दर आठवड्याला गूळ अर्ध्या चमच्याने कमी करत न्या. जीभ हळूहळू जुळवून घेते. आले, गवती चहा किंवा वेलची घातली तर गोडाची उणीव कमी जाणवते. माझ्या मते तुमच्या सगळ्या खाण्यापिण्यात एकच गोष्ट बदलायची असेल, तर ती ही बदलावी.

मुलगी पाठवते त्या पाकिटांकडे वळू. "बिनसाखरेचे" हा शब्द पाकिटावर असला, तरी त्याचा अर्थ आत वरून साखर घातलेली नाही एवढाच असतो; मैदा आणि पाम तेल आत असू शकतेच, आणि मैद्याची पोटात साखरच होते. साध्या, फारशा गोड नसलेल्या चार बिस्किटांत जवळपास एका लहान चपातीइतके कर्बोदक असते, आणि चपातीइतके पोट मात्र भरत नाही. पाकिटाची मागची बाजू वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, म्हणून पहिले तीन घटक काय आहेत ते वाचावे. तिथे मैदा, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, रक्तातील साखर झटकन वाढवणारी पूड) किंवा कुठले सिरप असेल, तर पुढच्या बाजूवरची "मधुमेहींसाठी" ही अक्षरे विसरून जावीत. दुसरे म्हणजे तक्त्यात केवळ "साखर" ही ओळ न पाहता "एकूण कर्बोदके" ही ओळ पाहावी, आणि तो आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका बिस्किटाचा, हेही पाहावे. साखरेऐवजी माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल घातलेल्या वस्तू जास्त खाल्ल्या तर पोटात वायू धरतो आणि जुलाबही होऊ शकतात. ज्येष्ठ वाचकांपैकी कोणाला असा त्रास होत असेल तर कारण तिथे शोधावे. ओट्सच्या वड्या बांधण्यासाठी पुष्कळदा मध, खजूर किंवा सिरप वापरलेले असते. मखाना वाईट नाही, पण तो बहुतांश स्टार्च आहे. हलका असल्यामुळे कमी खाल्ला जातो, हाच त्याचा मुख्य गुण.

आणि आता तुमचे शेंगदाणे-फुटाणे. ते नुसते चालतात एवढेच नव्हे, तर अकराच्या खाण्यासाठी याहून चांगले मला काही सुचत नाही. तीस ग्रॅम, म्हणजे एक मूठ सालासकट फुटाण्यांत सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, तंतुमय पदार्थ भरपूर असतात, आणि ते चावून खावे लागत असल्यामुळे खाण्याला वेळ लागतो. हरभऱ्याची साखर रक्तात सावकाश उतरते. शेंगदाणे साखर फारच कमी वाढवतात, मात्र त्यांत जवळपास निम्मे तेल असते. वीस ग्रॅम शेंगदाण्यांतून शंभरहून थोड्या अधिक कॅलरी मिळतात, म्हणून ते मोजून घ्यावेत. छोट्या डबीत फुटाणे मुख्य आणि शेंगदाणे जोडीला असे भरून न्या. मीठ-हळद लावलेले खारे फुटाणे घेऊ नका. मधुमेहासोबत रक्तदाब पुष्कळांना असतो आणि दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवायचे असते. फुटाणे हे गरिबाचे खाणे आणि मखाना हा पथ्याचा पदार्थ, ही प्रतवारी किमतीने केलेली आहे, आरोग्याने नाही. ज्या मराठवाड्यात हरभरा, तूर, मूग आणि ज्वारी शिवारात पिकते, तिथल्या मधुमेही माणसाने पथ्यासाठी पुण्याच्या पार्सलची वाट पाहावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तरीही गावचे ते सारे निर्धोक, असे मी म्हणणार नाही. ज्वारीने शुगर वाढत नाही असे सांगून तीन-तीन भाकरी खाणारी मंडळी मी पाहते. ज्वारीत कर्बोदके जवळपास गव्हाइतकीच आहेत. तंतुमय भाग चांगला असल्याने तिचा फायदा आहे, पण तो एका-दोन भाकरींपर्यंतच. ज्वारीच्या लाह्या आणखी सावधपणे खाव्यात, कारण दाणा फुलला की त्यातील स्टार्च लवकर पचतो. मुरमुऱ्यांचेही तसेच, आणि ते तर तांदळाचेच असतात. म्हणून सुशीला वाईट नाही, पण तिची मांडणी बदला : भिजवलेले मुरमुरे नेहमीच्या निम्मे घ्या, कांदा दुप्पट घ्या, मोड आलेली वाफवलेली मटकी मूठभर टाका, डाळ्याचे कूट आणि शेंगदाणे नेहमीप्रमाणे ठेवा, तेल चमचाभरात आवरा आणि वरून लिंबू-कोथिंबीर घाला. चव सुशीलेचीच राहते आणि पोटही भरते. पाच वाजता घरी आल्यावर असा एक वाडगा, किंवा अर्धे धपाटे आणि वाटीभर दही, किंवा ग्लासभर ताक आणि एक पेरू, यांपैकी काहीही चालेल. काकडी, वाळूक, गाजर, मुळा हे चिरून समोर ठेवलेले असेल तर पहिल्या पाच मिनिटांची अनावर भूक तिथेच भागते. चिवडा खायचाच तर डब्यातून न खाता छोट्या वाटीत काढून घ्या, डबा झाकून जागेवर ठेवा आणि मगच बसा. पातळ पोह्यांचा भाजून केलेला, भरपूर डाळे घातलेला चिवडा तळलेल्यापेक्षा बरा. बसस्थानकावरची भजी पंधरवड्यातून एकदा, दोन-तीन, इतपत ठीक आहेत.

फळांबाबत मधुमेही माणसे उगाच धास्तावलेली असतात. पेरू, पपई, मोसंबी, जांभूळ ही फळे बेताने खाता येतात; सीताफळ, चिकू आणि केळी यांत साखर अधिक, म्हणून लहान फळ किंवा अर्धे, आणि जेवणाला लागून नको. जालन्याची मोसंबी सोलून खावी, तिचा रस काढू नये, कारण रसात तीन-चार फळांची साखर एका ग्लासात येते आणि चोथा मागे राहतो.

हुरडा आणि वेळ अमावस्या (शेतात जाऊन एकत्र जेवण्याचा सण) यांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण लातूर जिल्ह्यातल्या वाचकाला हिवाळ्यात हा प्रश्न पडतोच. हुरडा म्हणजे कोवळी ज्वारीच. तो खाल्ला त्या वेळची भाकरी वगळावी, सोबत शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी आणि दही घ्यावे, गूळ आणि रेवड्या दुसऱ्यांसाठी सोडाव्यात. वेळ अमावस्येची भज्जी तर निरनिराळ्या कोवळ्या शेंगा, दाणे आणि भाज्या यांची असते. ती पोटभर खा, आंबील प्या, उंडे (पिठाचे उकडलेले गोळे) एखाददुसरे घ्या आणि खिरीची चव तेवढी घ्या. हरभऱ्याचा डहाळा सोलत बसावे, तो अतिशय चांगला. उपवास करत असाल तर साबुदाणा टाळा, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्यापेक्षा थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि ताक चालेल. पण तुमच्या गोळीसोबत निरंकार उपवास करू नका, आणि कोणताही उपवास करायचा असेल तर त्या दिवशीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना आधी विचारा.

यांतले तुमच्या शरीराला काय मानवते, हे कोणत्याही यादीपेक्षा तुमचे ग्लुकोमीटर नेमके सांगेल. एके दिवशी पाचच्या खाण्याआधी आणि खाल्ल्यावर दीड-दोन तासांनी आकडा घ्या. दुसऱ्या दिवशी वेगळा पदार्थ, त्याच वेळेला. सुशीलेनंतर आणि बिस्किटांनंतर आकडा किती चढला, हे वहीत शेजारी-शेजारी लिहा. खाल्ल्यानंतरची साखर १८० च्या आत असावी, असे उद्दिष्ट बऱ्याच प्रौढांसाठी ठेवतात. तुमच्यासाठी ते काय असावे हे डॉक्टरांना विचारा. खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटे चाललात तर त्या आकड्यात फरक पडलेला स्वतः पाहाल.

तुमच्या मुलीशी बोलताना ही वही फार उपयोगी पडेल. तिचे रागावणे हे तिच्या भीतीतून येते. आई दूर आहे, आपण रोज जाऊन पाहू शकत नाही, मग निदान चांगले काहीतरी पाठवावे, असा तिचा विचार असणार. "तुझी बिस्किटे नकोत" असे सांगितले तर ती दुखावेल, आणि निमूटपणे पुडे घेऊन कपाटात ठेवले तर तिचे पैसे आणि तुमचे पथ्य दोन्ही वाया जाईल. त्याऐवजी तिला सांगा, "बाळा, पुढच्या महिन्यापासून खाऊऐवजी ग्लुकोमीटरच्या पट्ट्या पाठव, त्या मला महाग पडतात आणि त्यांचीच मला गरज आहे." मग आठवड्यातून एकदा वहीच्या पानाचा फोटो तिला पाठवा. काय खाल्ले यावरून रागावण्याऐवजी आकडा काय आला यावर बोलणे सुरू झाले, की तिलाही दुरून मदत केल्याचे समाधान मिळेल. अकराच्या थरथरीची गोष्ट तिच्यापासून लपवली असेल, तर तीही सांगा. डॉक्टरांकडे जाताना तिला फोनवर सोबत घ्या.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज मांडला आहे, तेव्हा हे उत्तर वाचणाऱ्या अनेकांच्या घरी हाच डबा भरला जात असेल. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. ज्यांचे दात अधू आहेत, त्यांनी फुटाण्यांचे पीठ करून दोन-तीन चमचे ताकात कालवून घ्यावे किंवा मऊ शिजवलेल्या मुगाचे कढण प्यावे. आणि ज्यांच्या मूत्रपिंडांवर मधुमेहाचा परिणाम झालेला आहे, त्यांनी डाळी, फुटाणे, शेंगदाणे आणि फळे किती घ्यावीत हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, कारण त्यांचे प्रथिनांचे आणि पोटॅशियमचे हिशेब वेगळे असतात. ताई, वर्षातून एकदा करायची रक्तातील क्रिएटिनिनची आणि लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी तुम्ही केली आहे की नाही, हे पत्रात नाही. केली नसेल तर या आठवड्यातल्या भेटीतच ती लिहून मागा, आणि तिचा निकाल ठीक आला की फुटाण्यांची डबी रोज निर्धास्तपणे भरा.